ध्रुवीय मातीतले सायनोबॅक्टेरिया ओळखून घ्यायचेत? सातपूरच्या एका लॅबच्या सेवेचं परीक्षण

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतली एक खासगी लॅब सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू, ज्यांना निळं-हिरवं शैवालही म्हणतात) ओळखून देण्याची सेवा देते. तिचं मुख्य काम द्राक्षबागांची माती आणि जैविक खतं तपासण्याचं. निळं-हिरवं शैवाल तिच्याकडे येतं ते बहुतेक इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाचरांतलं. अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री तळाजवळचं शिर्माकर ओअ‍ॅसिस किंवा भारताचं हिमाद्री केंद्र आहे ते आर्क्टिकमधलं स्वालबार्ड, अशा ठिकाणच्या मातीतला स्ट्रेन (वेगळा करून वाढवलेला वाण) हाती असणाऱ्याने हे काम इथे द्यावं का, हे आम्ही तपासलं. लॅबचं नाव देत नाही, कारण पुढचे बहुतेक मुद्दे कुठल्याही सिक्वेन्सिंग लॅबला लागू पडतात.

निकाल आधीच सांगतो. स्ट्रेन वेगळा करणं आणि डीएनए काढणं या दोन कामांत लॅब पक्की आहे. मात्र नव्या प्रजातीचा दावा करायचा असेल तर तिचं नेहमीचं पॅकेज पुरत नाही. त्यापलीकडचं बरंचसं लेखी मागितलं तर मिळतं, न मागता मिळत नाही.

डीएनएचं काम खरंच चांगलं आहे. मातीतल्या सायनोबॅक्टेरियाभोवती पॉलिसॅकराइडचं, म्हणजे चिकट शर्करा-साखळ्यांचं, जाड आवरण असतं. ते डीएनएबरोबर उतरतं आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, बंद पाडतं. लॅब पेशी मण्यांनी फोडते, पॉलिसॅकराइड वेगळं करणारं सीटीएबी हे रसायन वापरते आणि डीएनएची शुद्धता दाखवणाऱ्या २६०/२८० या प्रकाशशोषणाच्या गुणोत्तरासोबत २६०/२३० हे गुणोत्तरही अहवालात देते. हा दुसरा आकडा १.५ च्या खाली असेल तर पॉलिसॅकराइड किंवा मातीतलं ह्युमिक आम्ल शिल्लक आहे असं धरावं. अशा वेळी आपणहून डीएनए दहापट पातळ करून आणि बीएसए (अडथळा आणणारे पदार्थ बांधून ठेवणारं प्रथिन) घालून पीसीआर पुन्हा लावणारी लॅब आम्हाला आवडते, आणि ही ते करते. एकेक तंतू केशनळीने उचलून, निर्जंतुक माध्यमाच्या थेंबांतून धुऊन वेगळा करण्याचा हातही इथे बसलेला आहे.

वाढ करण्याच्या खोलीत मात्र गडबड आहे. सगळ्या नळ्या २५ अंशांवर ठेवल्या जातात. ध्रुवीय स्ट्रेनपैकी बरेच थंडी सोसणारे असतात, थंडीतच उत्तम वाढतात असं नाही. त्यामुळे ते मरत नाहीत आणि चूक लक्षातही येत नाही. पण जे खरोखर थंडीतलेच आहेत ते मागे पडतात आणि सोबतचे जिवाणू पुढे जातात. १० ते १५ अंश आणि मंद प्रकाश, म्हणजे दर चौरस मीटरला दर सेकंदाला १० ते ३० मायक्रोमोल फोटॉन, एवढं लेखी मागावं. शिवाय वीज गेल्यावर थंड इन्क्युबेटर कशावर चालतो हेही विचारावं. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बॅकअप नसलेली पेटी भराभर तापते.

माध्यमाबद्दलही बोलून घ्यावं. लॅब सरसकट बीजी-११ हे वाढीचं माध्यम वापरते. त्यात लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं. एवढ्या नायट्रेटमध्ये नॉस्टॉक या तंतुमय सायनोबॅक्टेरियाचे हेटेरोसाइट (हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या खास पेशी) दबून जातात, कधी दिसतच नाहीत, आणि अहवालात ‘हेटेरोसाइट नाहीत’ असं छापून येतं. म्हणून तोच स्ट्रेन नायट्रेटविरहित बीजी-११ मध्येही वाढवायला सांगावा. फॉर्मिडियमसारखे साधे तंतू तिथे पिवळे पडतील, नॉस्टॉक हेटेरोसाइटसह उभा राहील. अगार मात्र लॅब बरोबर करते: दुप्पट तीव्रतेचं माध्यम आणि अगार वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळते. एकत्र शिजवलं की काही नाजूक स्ट्रेन अगारवर उगवत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, सिक्वेन्सिंगचा. नेहमीच्या पॅकेजमध्ये सीवायए ३५९एफ आणि ७८१आर हे प्रायमर (१६एस या राइबोसोम जनुकाचा ठरावीक भाग पीसीआरने वाढवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरतात. न्यूबेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दिलेली ही जोडी सायनोबॅक्टेरिया आहे की नाही हे झटपट सांगते, पण हाती सव्वाचारशेच्या आसपास बेस येतात. तेवढ्यावर जीनससुद्धा बऱ्याचदा नक्की होत नाही. नव्या प्रजातीसाठी जवळजवळ पूर्ण १६एस आणि त्यापुढचा १६एस-२३एस आयटीएस, म्हणजे १६एस आणि २३एस या दोन जनुकांमधला भाग, हवा. त्यासाठी उलटा प्रायमर २३एस जनुकात बसतो आणि तुकडा दोन हजार बेसच्या आसपास जातो. सँगर या सिक्वेन्सिंग पद्धतीच्या एका वाचनात सातशे ते नऊशे बेसच भरवशाचे असतात, म्हणून मधले प्रायमर लागतात. लॅब दर रिअ‍ॅक्शनवर आकारते, तेव्हा कोटेशनमध्ये रिअ‍ॅक्शन किती धरल्या आहेत ते मोजून घ्यावं.

अहवालासोबत फक्त फास्टा फाइल, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा तयार क्रम, येते. कच्च्या क्रोमॅटोग्रामच्या (मशीनने काढलेल्या शिखरांच्या आलेखाच्या) एबी१ फाइल मागून घ्याव्यात, आणि त्या स्वतः उघडून पाहाव्यात. १६एसभर शिखरं स्वच्छ, एकेरी दिसतात. आयटीएसमध्ये थोडं आत गेलं की अचानक प्रत्येक जागी दोन-दोन शिखरं एकावर एक चढतात आणि शेवटपर्यंत तशीच राहतात. पुष्कळदा हा दूषित नमुना नसतो. एकाच पेशीत राइबोसोमल ओपेरॉनच्या (१६एस, आयटीएस आणि २३एस यांच्या सलग गटाच्या) दोन प्रती असतात: एकीच्या आयटीएसमध्ये आयसोल्युसिन आणि अ‍ॅलनिनची टीआरएनए जनुकं असतात, दुसरीत नसतात. लांबी बदलली की वाचन घसरतं. इथे लॅबचं सॉफ्टवेअर उंच शिखर निवडून एक बनावट क्रम जुळवतं, आणि तोच गिऱ्हाइकाच्या हाती पडतो. आमच्या मते सेवेतली ही सगळ्यात गंभीर त्रुटी. उपाय आहे: क्लोनिंग करून, म्हणजे प्रत्येक प्रत वेगळी करून, किमान तीन ते पाच क्लोन वाचायला सांगावेत आणि तुलना करताना टीआरएनए असलेला ओपेरॉन टीआरएनए असलेल्याशीच जुळवावा. डी१-डी१′, बॉक्स-बी आणि व्ही३ या आयटीएसच्या घड्या, म्हणजे आरएनए स्वतःवर दुमडून होणारे आकार, लॅब काढून देत नाही. त्या स्वतः काढाव्या लागतात.

अहवालाच्या शेवटी ब्लास्ट या क्रम जुळवणाऱ्या शोधातलं पहिलं नाव आणि टक्केवारी असते. ‘९९.२ टक्के, फॉर्मिडियम मरेई’ असं लिहिलेलं असेल तर तिथे थांबू नये. अंटार्क्टिकातला हा तंतू २०११ पासून विल्मॉटिया मरेई आहे, पण जीनबँक या सार्वजनिक क्रमसंग्रहातल्या जुन्या नोंदींवर जुनी नावं तशीच राहतात. लेप्टोलिंग्ब्या या नावाखालीही एकमेकांशी नातं नसलेले बारीक तंतू वर्षानुवर्षं जमा होत गेले. फॉर्मिडेस्मिस प्रीस्टलेई त्यांतूनच बाहेर काढावा लागला. म्हणून ब्लास्टनंतर सायनोसेकसारख्या निवडक संग्रहाशी ताडून, वंशवृक्ष काढूनच नावावर यावं. आकड्यांचं म्हणाल तर १६एसमध्ये साम्य ९८.७ टक्क्यांखाली असेल तर वेगळी प्रजाती असण्याला आधार मिळतो, पण त्याच्या वर असलं म्हणजे तीच प्रजाती असं होत नाही. आयटीएसमधला फरक ७ टक्क्यांहून जास्त असेल तर दावा भक्कम, ३ टक्क्यांहून कमी असेल तर बहुधा तीच प्रजाती. मधल्या पट्ट्यात शरीररचना आणि अधिवास बोलतात.

शरीररचनेची पानं या अहवालात सगळ्यात कच्ची आहेत. फोटो सुरेख, पण काहींवर मोजपट्टीच नाही, आणि मापं पाच-सहा पेशींचीच. निदान तीस पेशींची रुंदी-लांबी, टोकाच्या पेशीचा आकार, आडव्या भिंतींशी तंतू आवळलेला आहे का, आणि शाईच्या पार्श्वभूमीवर आवरण किती जाड दिसतं, हे सगळं हवं. मायक्रोस्कोप स्टेज मायक्रोमीटरने कधी जुळवला होता हेही नोंदवून घ्यावं. दोन मायक्रोमीटर जाडीच्या तंतूत अर्ध्या मायक्रोमीटरची चूक म्हणजे पाव फरक.

होलोटाइपचं, म्हणजे नव्या प्रजातीचं नाव ज्याला जोडलं जातं त्या अधिकृत नमुन्याचं, काम लॅबच्या कक्षेत नाही. वनस्पतिनामांच्या संहितेनुसार वाळवलेला किंवा चयापचय थांबवलेला नमुना हर्बेरियममध्ये जमा करावा लागतो. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, दोन्हीकडे हर्बेरियम आहे. शैवालाचा नमुना कुठल्या स्वरूपात घेतात ते आधी विचारून मगच वाळवावा. तुलनेसाठी जिवंत ध्रुवीय स्ट्रेन लागले तर बेल्जियममधल्या लिएजचा यूएलसी संग्रह आणि चेक प्रजासत्ताकातल्या त्रेबोनचा सीसीएएलए हे दोन पत्ते कामाचे.

नमुना देताना द्रवातली वाढ नेऊ नये. अगारच्या तिरक्या नळीवर, पॅराफिल्म लावून, बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या डब्यात न्यावा आणि शक्यतो सकाळीच हातात द्यावा. त्याच स्ट्रेनच्या दोन नळ्या आपल्याकडे ठेवाव्यात, कारण काम संपल्यावर कल्चर जपून ठेवायची जबाबदारी ही लॅब घेत नाही आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसं छापलेलंही आहे.