बडोद्याहून न्यू जर्सी: मुंबईहून थेट की दुबईमार्गे?

आईने तिकिटाची प्रिंट नाकाशी धरून वाचली. "रात्री दोनला निघून सकाळी आठला पोचतं? मग सहाच तर तास!"

तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यू जर्सी आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे आईचे उन्हाळ्यातले ते सहा तास खरे साडेपंधरा. तिला हे पटायला दोन चहा लागले.

मुंबई ते न्यूअर्क (न्यू जर्सीचा विमानतळ) सरळ हवाई अंतर साधारण १२,५५० किलोमीटर. दुबईमार्गे जायचं तर विमान अहमदाबादहून: अहमदाबाद ते दुबई सुमारे १,७७० आणि तिथून न्यू जर्सीला लागून असलेलं न्यूयॉर्क ११,००० च्या आसपास, म्हणजे एकूण १२,८०० च्या आतच. दुबईचा वळसा जेमतेम अडीचशे किलोमीटरचा पडतो. बडोद्याहून मुंबई गाठायलाच रेल्वेने ३९० किलोमीटर जावं लागतं! नकाशात दुबई आडबाजूला वाटते, पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा.

कागदावर दिल्लीच सर्वांत जवळ, ११,७५० किलोमीटर. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद झालं आणि त्यांना लांबून जावं लागलं. मी दिल्ली यादीतून काढली.

आता वेळ, तीही बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घराला कुलूप लावल्यापासून मोजलेली. मुंबईसाठी गाडीचे चार तास, बोरिवलीला उतरून सहारच्या विमानतळापर्यंत तासभर, विमानतळावर चारेक तास आणि वर साडेपंधरा-सोळा. अहमदाबादसाठी एक्स्प्रेस वेने दोन तास, विमानतळावर तीन, दुबईपर्यंत तीन-साडेतीन, तिथे थांबा तीनचा धरला तर पुढे चौदा. दोन्हीकडे बेरीज पंचवीसच्या घरात येते. 'थेट' म्हणून जो वेळ वाचतो असं वाटतं, तो वसई-विरारमध्येच खर्च होतो.

मुंबईची आणखी एक गोम आहे. रेल्वे उशिरा आली किंवा बडोद्याच्या हरणी विमानतळाहून वेगळ्या तिकिटावर घेतलेलं विमान रखडलं, तर पुढचं चुकलेलं विमान आपल्या खिशातून. म्हणून लोक आदल्या दिवशीच जाऊन राहतात. दुबईमार्गे सगळं एकाच तिकिटावर असेल तर बॅगा परस्पर अमेरिकेत मिळतात आणि पहिलं विमान लेट झाल्यास पुढची सोय कंपनी बघते.

पण थांबा दीड तासाचा असलेलं स्वस्त तिकीट घेऊ नका. आमचे बाबा गेट बदलल्याची घोषणा ऐकू न आल्याने अर्धा तास भलत्याच रांगेत बडोद्याचा लीलो चिवडा खात बसले होते. व्हीलचेअर आधी मागितली असती तर माणूस सोबत असता.

अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, उतरल्यावर ती लांब रांग नाही. पण त्यासाठी थांबा जरा मोठाच हवा.

माझं मत? गुडघे दुखणाऱ्यांना सलग सोळा तास बसवू नका, अहमदाबाद घ्या. एकटी जाणारी, इंग्रजीला बिचकणारी आजी असेल तर मात्र मुंबई. एकदा बसली की थेट नातीच्या गावी उतरेल. परतताना वारा पाठीशी असतो, तास-दीड तास कमीच लागतात.