नागपुरात एजन्सीकडून बाळ सांभाळायला बाई घेतली, त्याचा अनुभव (५ पैकी २)

२६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव संपली, मिहानला ऑफिस परत सुरू झालं, सासूबाई वर्ध्याला, त्यांच्याने रोजचं येणं-जाणं होत नाही, म्हणून नागपुरातल्याच एका एजन्सीकडून दिवसभरासाठी बाई घेतली. कमिशन म्हणून तिचा एक महिन्याचा पगार त्यांनी आधीच भरून घेतला. फोनवर सांगितलं बाई ट्रेन्ड आहे, बॉटल, डायपर, मसाज सगळं येतं, पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं आहे. व्हेरिफिकेशनचा कागद मागितल्याबरोबर मिळाला, त्याचा एक स्टार. ट्रेनिंगचं मात्र साफ खोटं निघालं आणि त्याचा भुर्दंड आम्ही भरून राहिलो.

ताई स्वभावाने खूप चांगली आहे, हे आधीच लिहिते. वेळेवर येते, मोबाईल घेऊन बसत नाही, बाळ तिला पाहिलं की हात पुढे करतं. पण घरातलं सामान असं संपून राहिलं होतं की विचारू नका. वाइप्स ओढायला गेली की मूठभर निघायचे, मग त्यांनीच बाळाचं तोंड, हायचेअर, ओटा सगळं पुसून काढायची. बाटल्या धुवायचं लिक्विड ब्रशवर न घेता सरळ बाटलीत ओतायची आणि तो फेस जावा म्हणून नळ मोकळा. डायपरवर पिवळी रेघ असते ना, ओलं झालं की निळी होते, ती जराशी निळी दिसली की लगेच नवीन डायपर. शी झाली तर ताबडतोब बदलायलाच पायजे, पण नुसत्या शू ला दोन-तीन तास डायपर चालतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. एकदा निपल उकळायला ठेवून बाळाला झोपवायला गेली तर पाणी आटून निपल भांड्याला चिकटलेले.

हे सगळं पैशाचं झालं, चालून जातं. मला खरी धडकी भरली ती दुधाच्या पावडरच्या डब्याने. ४०० ग्रॅमचा डबा हिशोबापेक्षा फार लवकर संपून राहिला होता, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी किचनमध्ये उभी राहून पाहिलं. आमच्या डब्यावर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा लिहिलंय, म्हणजे १८० मिलीला सहा. ताई चमचा डब्यात खुपसून शिगोशीग भरून काढायची, वर अजून एक जास्तीचा. विचारलं तर म्हणे, "ताई, पातळ दूध दिलं तर पाणीच पिते ना ते बाळ, पोट कसं भरणार?" म्हणजे मायेनेच करून राहिली होती बिचारी. पण दूध असं घट्ट झालं की बाळाला कडक शी होते, किडनीवर ताण येतो, अंगातलं पाणी कमी पडतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असताना हा काही खेळ नाही.

आणि गंमत नाही, खरंच सांगते, जिथे फेकायला पायजे तिथे ती फेकत नव्हती. बाळाने अर्धं पिऊन सोडलेलं दूध झाकण लावून ओट्यावर ठेवायची, पुढच्या वेळेला तेच थोडं गरम करून. दूध फेकायला तिचा हातच धजत नाही. तोंड लागलेल्या बाटलीत लाळ गेलेली असते, जंतू झपाट्याने वाढतात, ते उरलेलं टाकूनच द्यावं लागतं, आणि तोंड न लावलेली तयार बाटलीसुद्धा बाहेर दोन तासांच्या वर ठेवायची नसते. ओआरएसचंही तेच, पुडी फोडून थोडी थोडी ग्लासात टाकायची, बाकीची चिमटा लावून डब्यात. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच टाकावी लागते, नाहीतर मिठाचं प्रमाण चुकतं, आणि ते पाणी २४ तासांनी फेकायचं. ज्या बाईला अर्धी बाटली दूध टाकवत नाही तिला उधळी कसं म्हणू मी?

एजन्सीला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "मॅडम, कपाटाला कुलूप लावा, जास्तीचं पगारातून कापा, नाहीतर बाई बदलून देतो." मला फार राग आला. दोन वाइप्ससाठी कोणाचा पगार कापायचा? त्या पगारावर तिच्या मुलांच्या शाळेची फी आहे. ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं ते मी ताईलाच विचारलं, तर आधार कार्डची झेरॉक्स आणि फोटो घेतले, बाळाला आंघोळ घालायचा एक व्हिडिओ दाखवला, झालं ट्रेनिंग. मग दुसरी बाई आणून काय वेगळं होणार होतं?

शेवटी दोन दिवस सुट्टी टाकून मीच सोबत बसले. बर्डीच्या बाजारातून तीन कप्प्यांचा पावडरचा डबा आणला, सकाळी सुरीच्या पाठीने चमचा सपाट करून ती आणि मी मिळून कप्पे भरतो, एक कप्पा एक बाटली, विषय संपला. दिवसाचे डायपर टोपलीत काढून ठेवते पण कपाट उघडंच असतं, पोट बिघडलं तर न विचारता घे म्हटलं. वाइप्स बाहेर जाताना फक्त, घरात कोमट पाणी आणि सासूबाईंच्या जुन्या सुती साडीचे तुकडे. उकळायला ठेवलं की अलार्म. उरलेलं दूध फेकायचं हे समजवायला मात्र वेळ लागला, "पाप लागते" म्हणायची, मग आमच्या डॉक्टरांकडे तिलाही सोबत नेलं, त्यांनी सांगितलं तेव्हा पटलं. आता पावडर डब्यावरच्या हिशोबाने चालते आणि बाळाची शीसुद्धा नॉर्मल झाली.

दुसरा स्टार ताईचा, एजन्सीचा नाही. तुम्ही कोणत्याही एजन्सीकडून बाई घेणार असाल तर कमिशन देण्याच्या आधी एक दिवस घरी बोलवा, त्या दिवसाचे पैसे तिला द्या, आणि तुमच्यासमोर एक बाटली बनवायला सांगा, चमचा कसा भरते तेवढं बघा. बदली बाई किती दिवसांत देणार हे व्हॉट्सॲपवर नाही, पावतीवर लिहून घ्या. आमच्या एजन्सीचा रिन्यूअल फीसाठी परत मेसेज आलाय, मी ट्रेनिंगमध्ये काय शिकवता ते लेखी मागितलंय, अजून रिप्लाय नाही.