शांघायहून दोन दिवस मोकळे मिळाले तर: नानजिंग की हांगझोऊ?

शांघायला कामानिमित्त गेलेल्या माणसाला शनिवार-रविवार मोकळा मिळाला की हा प्रश्न पडतोच. दोन्ही शहरं नदीकाठची, दोन्ही एकेकाळच्या राजधान्या, दोन्हीकडे वेगवान रेल्वे जाते. हांगझोऊ तासाभरावर, नानजिंग दीड-दोन तासांवर. हातात एकच दिवस असेल तर पुढचं वाचू नका, सरळ हांगझोऊ गाठा. दोन असतील तर माझं मत नानजिंगला.

हांगझोऊ सोपं आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत दक्षिण सोंग घराण्याचा दरबार इथे होता, पण त्या राजधानीचं डोळ्यांना दिसेल असं फार काही उरलेलं नाही. लोक येतात ते पश्चिम सरोवरासाठी. बांधावरून रमतगमत चालायचं, होडीत बसायचं, दुपारी लोंगजिंगच्या मळ्यांत जाऊन चहा घ्यायचा. आईवडील सोबत असतील तर हेच बरं. लिंगयिन मंदिरासमोरची टेकडी मात्र आपल्या माणसाने चुकवू नये. तिचं नाव ‘उडत आलेलं शिखर’. चौथ्या शतकात भारतातून आलेल्या एका भिक्षूला ती पाहून मगधातला गृध्रकूट डोंगर आठवला आणि ‘हा इथे कधी उडून आला?’ असं तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे. कातळात शेकडो बुद्धमूर्ती कोरल्या आहेत. वेरूळ पाहिलेल्याला त्या लहान वाटतील, पण ओळखीच्या वाटतील. सुट्टीच्या दिवशी सरोवराकाठी पाय ठेवायला जागा नसते, हेही लक्षात ठेवा.

नानजिंग पहिल्या तासात आवडत नाही. गाडी बहुधा नानजिंग दक्षिण या अवाढव्य स्टेशनात सोडते आणि बाहेर दिसतात ते रुंद रस्ते आणि उंच इमारती. तिथून मेट्रोने झोंगहुआ हा जुन्या शहराच्या तटबंदीतला दरवाजा गाठा, मग शहर बोलायला लागतं. 1368 मध्ये मिंग घराण्याची सत्ता आली तेव्हा ही राजधानी होती. 1421 मध्ये राजधानी बीजिंगला गेली, तट मागे राहिला. सुमारे 35 किलोमीटरपैकी 25 आजही उभा आहे. झोंगहुआ दरवाजाच्या पोटात सैनिक ठेवायला 27 भुयारं आहेत. पण मी रेंगाळतो तो विटांपाशी. हातभर लांबीच्या या विटा यांगत्सेकाठच्या गावोगावच्या भट्ट्यांतून होड्यांनी आल्या, आणि कित्येकींवर अधिकाऱ्यापासून वीट थापणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं उमटवलेली आहेत. वीट कच्ची निघाली की कुणाला धरायचं ते तिच्यावरच लिहिलेलं! आपल्याकडच्या रस्त्यांच्या कंत्राटांना ही पद्धत लावून बघायला हवी.

मुंबईकरांसाठी आणखी एक धागा आहे. ब्रिटन आणि चीन यांच्यातल्या पहिल्या अफूयुद्धानंतरचा नानजिंगचा तह 29 ऑगस्ट 1842 रोजी इथेच नदीत नांगरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या ब्रिटिश युद्धनौकेवर झाला. ती नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, 1813 ची. माळव्याची अफूही मुंबई बंदरातूनच चीनकडे जायची. जिंगहाई मंदिरात या तहाचं प्रदर्शन आहे. तिथे उभं राहिलं की आपण निव्वळ प्रेक्षक राहत नाही.

डिसेंबर 1937 मध्ये जपानी सैन्याने इथे केलेल्या हत्याकांडाचं स्मारकही पाहावं, पण लहान मुलांना घेऊन नाही. आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नये. हे स्मारक आणि चिनी प्रजासत्ताकाचे जनक सन यत-सेन यांची 392 पायऱ्यांची समाधी, दोन्ही सोमवारी बंद असतात.

नदीचं म्हणाल तर हांगझोऊची छियानतांग भाद्रपदाच्या आसपास येणाऱ्या भरतीच्या लाटेसाठी प्रसिद्ध. एरवी तिच्याकडे फारसं कुणी वळत नाही. नानजिंगची यांगत्से बाराही महिने बघण्याजोगी. जुनं शहर नदीपासून आत आहे, त्यामुळे मुद्दाम जावं लागतं. झोंगशान धक्क्यावरून पुकोऊची फेरीबोट पकडा. गढूळ पाणी, एकामागोमाग एक मालवाहू बार्ज, आणि दूरवर 1968 चा दुमजली पूल: वर मोटारी, खाली रेल्वे. तो होण्याआधी अख्खी आगगाडी डबे तोडून बोटीवर चढवत आणि पलीकडे नेत.

खाण्याचं सांगायचं तर नानजिंग म्हणजे बदक: खारवलेलं बदक, बदकाच्या रक्ताच्या वड्या घातलेलं शेवयांचं सूप. पहिलं जरूर खा. दुसऱ्याला धीर लागतो, मला दुसऱ्या खेपेला जमला. शाकाहारी असाल तर जीमिंग मंदिरात शाकाहारी नूडल्स मिळतात, आणि शेजारीच तटावर चढायची वाट आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हीकडे उकडून निघाल. नानजिंगला तर चीनमधल्या ‘भट्ट्यां’त मोजतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुट्टीचा, तो टाळा. मालखरेदीसाठी इवूला जाणाऱ्यांना हांगझोऊ वाटेतच पडतं, त्यांनी तिथेच उतरावं. पासपोर्ट मात्र खिशात हवाच. रेल्वेचं तिकीट त्याच्यावरच निघतं आणि फाटकावर तोच दाखवावा लागतो.