बॅटरी ‘नवी करून देतो’ म्हणतात तेव्हा नक्की काय होतं

घरी जोडलेली ४८ व्होल्टची विजेवरची गाडी. १२ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या, पाणी घालाव्या लागणाऱ्या चार शिसं-ॲसिड बॅटऱ्या दोन वर्षांत बसल्या. तुर्भ्याच्या एका बॅटरीवाल्याने ‘सल्फेट काढून देतो, सहा महिने गॅरंटी’ असं सांगून त्या दारातून उचलून नेल्या आणि चौथ्या दिवशी परत आणल्या. डबे चकाचक, मीटरवर प्रत्येकी १२.७, हायड्रोमीटर (ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, मोजणारी नळी) हिरव्यात. पैसे दिले गेले. आठवड्यात ऐरोली पुलाच्या चढावर चारही बॅटऱ्यांचा पॅक ४० व्होल्टच्या खाली गेला आणि कंट्रोलरने मोटर बंद केली.

‘नवी करण्याच्या’ या कामात बूच काढून बॅटरी उलटी करतात, जुनं ॲसिड ओतून टाकतात, १.२८० ग्रॅव्हिटीचं नवं भरतात आणि रात्रभर चार्जर लावतात. बॅटरी उतरताना ॲसिडमधला सल्फेट प्लेटांवर बसतो आणि चार्जिंगमध्ये परत ॲसिडमध्ये येतो, म्हणूनच ग्रॅव्हिटीवरून चार्ज कळतो. ॲसिडच बदललं, की हायड्रोमीटर फक्त नव्या ॲसिडचं माप दाखवतो. व्होल्टमीटरही तसाच फसतो: एका सेलचं (१२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा कप्पे असतात) व्होल्टेज साधारण ग्रॅव्हिटी अधिक ०.८४, म्हणजे १.२८० ला २.१२ आणि सहा सेलचे १२.७. प्लेटांवर कडक झालेला सल्फेट जिथल्या तिथे असतो.

शिवाय नुकसान होतं ते वेगळंच. बॅटरी उलटी केली की तळाचा गाळ प्लेटांमध्ये अडकून सेल शॉर्ट होऊ शकतो. पुढे चार्जिंगमध्ये थोडाफार सल्फेट सुटला, तर ग्रॅव्हिटी १.३०० च्या वर जाते आणि तेवढं तीव्र ॲसिड पॉझिटिव्ह प्लेटची जाळी खातं. वाचू शकली असती अशी बॅटरीही यात मरते.

पैसे देण्याआधी एकच चाचणी करा. चार्जर काढून बॅटरी रात्रभर ठेवा, म्हणजे वरवरचा चार्ज उतरेल. मग ६० वॅटचे चार हेडलाइट बल्ब समांतर जोडा. साधारण २० अँपिअर ओढले जातील. चांगली १०० एएचची बॅटरी १०.५ व्होल्टला यायला चार तासांच्या आसपास घेते आणि ग्रॅव्हिटी १.२०० च्या खाली उतरते. अर्ध्या तासात १०.५ आले आणि ग्रॅव्हिटी १.२५० च्या वरच राहिली, तर प्लेटा काम करत नाहीत, ॲसिड नुसतं भरलेलं आहे. १०.५ ला बल्ब लगेच काढा. दुकानदार ‘एवढा वेळ नाही’ म्हणाला, तर बॅटरी घेऊ नका.

खरं काम हळू होतं आणि ते घरीही जमतं. बॅटरी गाडीपासून सोडवा, एकावेळी एकच घ्या. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला, बाकीचं चार्जिंगनंतर. ॲसिड अजिबात नाही. २ ते ३ अँपिअरवर १५.५ व्होल्टपर्यंत नेऊन तासातासाला सहाही सेलची ग्रॅव्हिटी लिहा. लागोपाठ तीन वेळा तीच आली की थांबवा. दीड-दोन दिवस जातात. डबा हाताला चटका देऊ लागला तर थांबा. हायड्रोजन निघतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि ठिणगी टाळा. सीलबंद बॅटरीवर हे करू नका. पूर्ण चार्जनंतरही विश्रांतीत १०.५ वरच अडकलेल्या बॅटरीचा एक सेल मेलेला असतो. तिच्यावर एक रुपयाही घालवू नका.

बॅटरी बाहेर द्यायचीच असेल तर तळाला खिळ्याने खूण करा आणि डब्यावर कोरलेला उत्पादन कोड लिहून घ्या. परत येणारे डबे दुसऱ्याचे असू शकतात. पावतीवर ‘चार्ज धरेल’ असं नको, किती अँपिअरवर किती तास चालली ते लिहून घ्या. ‘आता काही होणार नाही, इथेच राहू द्या’ हे ऐकलंत तरी बॅटऱ्या तिथे सोडू नका. त्यातलं शिसं किलोवर विकलं जातं आणि नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतात.