बॉयसी ग्रीनबेल्ट: उन्हाळ्यात कधी, कुठून आणि कसं चालावं

आयडाहोची राजधानी बॉयसी हे अमेरिकेच्या मानाने छोटं शहर. पण नदीकाठी चालण्याची जी सोय इथे आहे, ती याच्या कितीतरी पट मोठ्या शहरांना जमलेली नाही. बॉयसी नदीच्या दोन्ही काठांनी मिळून शहराच्या हद्दीत साधारण 25 मैल, म्हणजे 40 किलोमीटर पक्की वाट आहे, तिलाच ग्रीनबेल्ट म्हणतात. मोटारींना मज्जाव आहे, आणि बहुतेक मोठ्या रस्त्यांच्या पुलांखालूनच वाट पलीकडे जाते, त्यामुळे भर शहरातून तासभर चाललात तरी सिग्नलला थांबावं लागत नाही. नोकरीनिमित्त इथे आलेल्यांनी आणि उन्हाळ्यात मुलांकडे राहायला येणाऱ्या आई-बाबांनी वापरलीच पाहिजे अशी ही वाट आहे. फक्त वेळ आणि टप्पा नीट निवडायला हवा. चुकीच्या वेळी गेलं तर हीच वाट नकोशी होते.

आधी वेळेचं बोलू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. बॉयसी त्याच्या टाइम झोनच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, त्यात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केलेली असतात. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी पावणेदोनच्या पुढे, आणि दिवसातला सगळ्यात तापलेला काळ म्हणजे संध्याकाळचे पाच ते सहा. आपल्या सवयीने ‘पाच वाजले, ऊन उतरलं असेल’ म्हणून बाहेर पडलात तर नेमके भट्टीत शिराल. जुलैत कमाल तापमान सरासरी 33 अंशांच्या आसपास असतं आणि काही दिवस 38 च्या वर जातं. जूनअखेरीला सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणून संध्याकाळचं फिरणं आठनंतर सुरू करावं. ऑगस्ट संपता संपता मात्र साडेआठच्या आतच सूर्यास्त होतो, तेव्हा वेळ मागे घ्यावी लागते. सकाळी सहा ते नऊ हा काळ त्याहून उत्तम. हवा कोरडी असल्याने रात्री तापमान 16-17 अंशांपर्यंत उतरतं आणि पहाटे पातळ जॅकेटही अंगावर बरं वाटतं.

हीच कोरडी हवा दुसरीकडे फसवते. घाम येतो, पण लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी होतंय हे जाणवत नाही. मुंबई-कोकणाकडून आलेल्यांना तर ‘इथे घामच येत नाही’ असं वाटतं आणि डोकं दुखायला लागल्यावर चूक कळते. तासाभरासाठी माणशी अर्धा लिटर, दोन तासांसाठी एक लिटर पाणी घरूनच न्यावं. मोठ्या बागांमध्ये प्यायच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहं आहेत, पण बागा सोडून मधल्या टप्प्यांत त्यांचा भरवसा धरू नये.

आता टप्पे. पहिल्यांदाच जात असाल तर म्युनिसिपल पार्कपासून सुरुवात करा आणि उत्तर काठाने नदी वाहते त्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडे चला. म्युनिसिपल पार्कला लागूनच मॉरिसन नूडसन नेचर सेंटर आहे. तिथे एक ओढा केलेला आहे आणि त्याच्या काठाला पाण्याच्या पातळीखाली काचेच्या खिडक्या बसवल्या आहेत. खिडकीशी वाकून उभं राहिलं की ट्राउट मासे प्रवाहाकडे तोंड करून, शेपटी हलवत जागच्या जागी तरंगताना दिसतात. लहान मुलं तिथून हलत नाहीत, तेव्हा तेवढा वेळ हाताशी ठेवा. पुढे ब्रॉडवे रस्त्याच्या पुलाखालून पलीकडे गेलं की 1907 मध्ये शहराला मिळालेलं जुलिया डेव्हिस पार्क लागतं. मोठी जुनी झाडं, गर्द सावली. समोरच्या काठावर बॉयसी स्टेट युनिव्हर्सिटी आहे. दमलात तर फ्रेंडशिप ब्रिज या पादचारी पुलावरून पलीकडे जाऊन दुसऱ्या काठाने परत फिरता येतं. तसंच पुढे गेलात तर सार्वजनिक वाचनालयाजवळ अ‍ॅन फ्रँक स्मारक येतं. 2002 मध्ये खुल्या झालेल्या या स्मारकात मानवी हक्कांचा जाहीरनामा दगडावर संपूर्ण कोरलेला आहे, आणि हातात डायरी घेऊन खिडकीतून बाहेर बघणारी अ‍ॅनची कांस्यमूर्ती आहे. इथे घाईने जाऊ नये. इथपर्यंतचा टप्पा निवांत चालीने अर्ध्या-पाऊण तासाचा, सपाट आणि बव्हंशी सावलीचा. गुडघे दुखणाऱ्यांना आणि बाबागाडी ढकलणाऱ्यांना हाच सोयीचा.

याच्याही पुढे पश्चिमेला एस्थर सिम्प्लॉट पार्क, क्विन्स पॉन्ड आणि व्हाइटवॉटर पार्क आहे. पाण्यात मुद्दाम तयार केलेल्या लाटेवर फळी घेऊन उभे राहणारे लोक बघायला मजा येते. पण इथली झाडं अजून लहान आहेत, सावली जवळजवळ नाही. सकाळी नऊनंतर तिकडे जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

चालण्याची खरी आवड असेल तर पूर्वेचा पट्टा घ्या. बार्बर पार्क ते अ‍ॅन मॉरिसन पार्क हे अंतर नदीने 6 मैल आहे, चालत दोन-सव्वादोन तास धरा. दिशा मात्र विचार करून ठरवा. सकाळी बार्बर पार्ककडून शहराकडे यावं, म्हणजे ऊन पाठीवर राहतं. संध्याकाळी उलट, शहराकडून पूर्वेला जावं. नाहीतर मावळता सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि समोरून येणारी सायकल शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. बार्बर पार्कच्या बाजूला दक्षिण काठावर बेथीन चर्च रिव्हर ट्रेल ही फक्त चालणाऱ्यांसाठी राखलेली वाट आहे, तिथे सायकलींना बंदी आहे. ती डांबरी नाही, पण शांतता हवी असेल तर या अख्ख्या नदीकाठावर तिला तोड नाही.

तक्रारीची मोठी जागा म्हणजे सायकलींची गर्दी. 1960च्या दशकापर्यंत या काठावर राडारोडा आणि सांडपाणी टाकलं जायचं. मग शहराने तुकड्या-तुकड्याने जमीन मिळवत वाट जोडत नेली. त्यामुळे रुंदी सगळीकडे सारखी नाही, आणि अरुंद जागी चालणारे, पळणारे, सायकली, ई-बाइक सगळे एकाच पट्ट्यात येतात. नियम सोपा आहे: उजवीकडून चाला. मागून ‘ऑन युअर लेफ्ट’ असा आवाज आला की त्याचा अर्थ ‘मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय’ असा होतो. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाचं शरीर आवाज ऐकताच डावीकडे सरकतं, म्हणजे थेट सायकलीसमोर. आई-बाबांना एकटं पाठवण्याआधी हे एकदा सोबत चालून दाखवा, नुसतं सांगून भागत नाही. चौघं असाल तर दोन-दोनच्या ओळी करा. पुलाखालच्या भागात विशेष जपा. उन्हातून एकदम अंधारात गेल्यावर डोळे स्थिरावायला वेळ लागतो आणि बऱ्याचदा तिथेच वळण असतं.

दुसरी तक्रार जमिनीची. कॉटनवूड झाडांची मुळं डांबर खालून उचलतात आणि वाटेवर आडवे उंचवटे तयार होतात. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ते कळत नाहीत आणि पाय अडखळतो. सूर्यास्तानंतर चालणार असाल तर टॉर्च बरोबर हवाच, सगळीकडे दिवे नाहीत. पायात जाड तळाचे बूट घाला. डांबरावर तासभर चालल्यावर सपाट चपलेत टाचा भरून येतात. शिवाय उन्हाळा सरता सरता वाटेच्या कडेला सराट्याचे काटे पसरतात. आपल्याकडच्या शेताच्या बांधावरचाच हा सराटा. मऊ रबरातून तो आरपार जातो आणि सायकलच्या ट्यूबा तर सर्रास पंक्चर करतो. बदकांनी आणि कॅनडा गीज या मोठ्या रानहंसांनी बागांजवळची वाट घाण केलेली असते, तेही पायाखाली बघून चालायचं आणखी एक कारण.

पाण्याबद्दल कडक सूचना. नदी दिसते शांत, पण पाणी वरच्या लकी पीक धरणातून येतं. ऐन जुलैतही ते अंगावर शहारा आणण्याइतकं गार असतं आणि ओढही चांगलीच असते. काठावरच्या झाडांच्या फांद्या पाण्यात झुकलेल्या असतात, त्यांत अडकलेला माणूस प्रवाहाच्या जोराने आत दाबला जातो. मुलांना पाण्यात खेळायचं असेल तर क्विन्स पॉन्डसारख्या स्थिर पाण्यावर न्या, आणि तिथेही लाइफ जॅकेट घालूनच. प्रवाह पुरेसा उतरला की ट्यूबवरून तरंगत जाण्याचा हंगाम सुरू होतो, साधारण जूनअखेर किंवा जुलैत. तेव्हा शनिवार-रविवारी दुपारी अ‍ॅन मॉरिसन पार्कात ट्यूबा डोक्यावर घेतलेल्या लोकांची झुंबड असते. चालणाऱ्यांनी त्या वेळी तो भाग टाळावा.

निघण्याआधी दोन गोष्टी तपासा. मे-जूनमध्ये बर्फ वितळून धरणातून जास्त पाणी सोडलं की पुलाखालचे सखल भाग बुडतात आणि बंद केले जातात. ग्लेनवूड पुलापाशी प्रवाह सेकंदाला 7,000 घनफुटांवर गेला की अधिकृत पूरपातळी गाठली जाते. 2017 मध्ये तो याच्या बराच वर राहिला, काठ खचले आणि वाटेचे काही भाग कित्येक महिने बंद होते. बंद केलेल्या भागांची यादी शहराच्या उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. दुसरी गोष्ट ऑगस्ट-सप्टेंबरमधला वणव्यांचा धूर. डोंगर धूसर दिसायला लागले की फोनवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (AQI) बघा. 100 च्या वर असेल तर दमेकरी, हृदयरोगी, लहान मुलं आणि वयस्क मंडळींनी घरी राहावं. 150 च्या वर गेला तर कोणीच चालायला जाऊ नये.