एकदम माल भरावा की फेरमागणीवर चालवावे? चित्रपटांच्या खेळण्यांविषयी इंदूरच्या दुकानदारासाठी

चित्रपटातील पात्रांची खेळणी ठेवू पाहणाऱ्या इंदूरच्या किरकोळ दुकानदारापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. प्रदर्शनाआधीच परवानाधारक वितरकाकडे साऱ्या हंगामाची मागणी नोंदवणे हा एक, आणि थोड्या मालावर सुरुवात करून विक्री पाहत फेरमागणी करणे हा दुसरा.

पहिल्या मार्गाचा लाभ उघड आहे. या खेळण्यांचा भर ओसरायला वेळ लागत नाही आणि मागणी उन्हाळी सुट्टीत आली, तर शाळा उघडण्याच्या आत माल हाती असावा लागतो. 1977 साली 'स्टार वॉर्स'ची मागणी त्याची खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीला इतकी अनपेक्षित होती की नाताळात खेळण्यांऐवजी तिने पुढच्या वर्षी चार बाहुल्या घरपोच मिळतील अशा प्रमाणपत्राचे पाकीट विकले. कंपनीला ते साधले. दुकानदाराला रिकामे पाकीट विकता येत नाही. मात्र 1999 मध्ये त्याच मालिकेच्या 'द फँटम मेनेस'ने तिकीटबारीवर प्रचंड कमाई करूनही त्याची खेळणी अनेक दुकानांत पडून राहिली. म्हणून चित्रपट चालेल की नाही, एवढ्यावरून मागणी ठरवणे मला धोक्याचे वाटते.

दुसऱ्या मार्गात पैसा कमी अडकतो, पण फेरमागणीचा माल वेळेत येईलच असे नाही. 2013 च्या अखेरीस आलेल्या 'फ्रोझन'मधील एल्साच्या पोशाखांचा तुटवडा 2014 मध्येही जाणवत होता. आपल्याकडे तर 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह बंधनकारक आहे आणि आयात शुल्कही 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के व 2023 मध्ये 70 टक्के झाले. त्यामुळे वितरकाकडचा माल संपला की राणीपुऱ्याच्या बाजारातून बिनचिन्हाची नक्कल आणून वेळ मारून नेणे हा पर्याय धरूच नये.

आता हिशेब. नग 300 ला घेऊन 450 ला विकत असाल, तर गेलेल्या गिऱ्हाइकामागे 150 रुपयांचा नफा बुडतो. उरलेला नग 200 ला निघाला, तर 100 रुपये तोटा. बुडणाऱ्या 150 ला नफा व तोटा यांच्या बेरजेने, म्हणजे 250 ने, भागले की 0.6 येतात, म्हणजे माल पुरण्याची शक्यता 60 टक्के होईल, इतकीच मागणी नोंदवावी. तोच नग 120 ला काढावा लागणार असेल, तर हे प्रमाण 0.45 वर उतरते. माझ्या मते निर्णय इथेच होतो. नायकाचे चित्र असलेले दप्तर किंवा पाण्याची बाटली जूनमध्येही जवळपास पूर्ण भावाने जाते, म्हणून ती आधीच भरावी; पण एकाच चित्रपटाची बाहुली थोडी घ्यावी. रंगपंचमीची पिचकारी याहून कठीण, कारण राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, संपली की तिला वर्षभर कोणी विचारत नाही.

एक बाब या हिशेबात दिसत नाही, ती म्हणजे कार्टन. आमच्याकडे आलेल्या बारा नगांच्या एका कार्टनमध्ये नायकाचे दोनच होते. ते पहिल्या शनिवारीच संपले आणि खलनायकाच्या साथीदाराचे चार नग दिवाळीपर्यंत धूळ खात बसले. फेरमागणी केली असती, तर दोन नायकांसोबत आणखी चार साथीदार आले असते. वितरक सुटे नग देत नसेल आणि उरलेला माल परतही घेत नसेल, तर फेरमागणीचा मार्ग वाटतो तितका स्वस्त नाही; अशा वेळी एकच कार्टन घेऊन नायक संपताच थांबणे मी पसंत करीन.