आधी स्पीकर की ॲम्प? किनाऱ्यावरच्या घराचा हिशेब

गेल्या आषाढात वेंगुर्ल्याहून भाच्याचा फोन आला. "मामानू, आवाज फाटता. ॲम्प बदलूक होयो काय?" 30 हजार रुपये त्याने बाजूला काढले होते. घरात वीसेक वर्षांचा ॲम्प्लिफायर (ॲम्प, म्हणजे गाण्याच्या सिग्नलची ताकद वाढवून स्पीकर चालवणारं यंत्र), त्याच वयाचे बुकशेल्फ स्पीकर आणि गाणी मोबाईलवरून ब्लूटूथने. समुद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर. ही शेवटची गोष्ट आवर्जून सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या घराला दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

विकत घेण्याआधी दोष कुठे आहे ते शोधायचं. त्याला रुपयाही लागत नाही. ॲम्प बंद करून मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा आणि तेच गाणं पुन्हा लावा. खराब आवाज त्याच स्पीकरमध्ये राहिला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर ॲम्पचा किंवा त्याला गाणं पुरवणाऱ्या यंत्राचा. दुसरी खूण अशी: हळू आवाजातही फाटत असेल तर संशय स्पीकरवर घ्या, नुसतं मोठं केल्यावर फाटत असेल तर ॲम्पची ताकद संपत असण्याची शक्यता जास्त.

भाच्याकडे मी स्वतः गेलो. स्पीकरची जाळी काढली आणि वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कोनभोवतीच्या, म्हणजे हलणाऱ्या पडद्याभोवतीच्या, फोमच्या रिंगला बोट लावलं. रिंग जागच्या जागी विरली. बोटाला काळा, चिकट चुरा लागला, ओल्या कोळशाच्या भुकटीसारखा. दमट हवेत हा फोम दहा-पंधरा वर्षांत असा कुजतो. कोन धड, कॉईल धड, पण कोनाला धरून ठेवणारं काही उरत नाही. नवा ॲम्प आणला असता तर हाच फाटका आवाज आणखी मोठ्याने आला असता.

दोष नसेल, सगळं ठीक वाजत असेल आणि फक्त दर्जा वाढवायचा असेल तरीही माझं उत्तर स्पीकरच. बऱ्यापैकी ॲम्प नेहमीच्या आवाजाला मूळ सिग्नलमध्ये 0.1 टक्क्याहूनही कमी विकृती घालतो. स्पीकर मात्र खर्जात, मोठ्या आवाजाला सहज 1 टक्का किंवा जास्त घालतो. विजेचं हालचालीत रूपांतर करणं हेच या साखळीतलं सगळ्यात अवघड काम आहे. दोन चांगले ॲम्प कानाने वेगळे ओळखायला कष्ट पडतात. दोन स्पीकर शेजारच्या खोलीतूनही वेगळे कळतात.

ॲम्पच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. 50 वॅटच्या जागी 100 वॅट घेतले तर वाढ फक्त 3 डेसिबलची, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकी. उलट 85 डेसिबल संवेदनशीलतेचा (ठरावीक ताकदीला किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकर काढून 91 चा लावला, तर तेवढ्याच आवाजाला चौथा हिस्सा ताकद पुरते. जुना 25 वॅटचा ॲम्प मग 100 वॅटच्या तोडीचं काम देतो. ॲम्प आधी बदलावा अशी वेळ दोनदाच येते: स्पीकर 4 ओहमचे असून (ओहम जितके कमी तितका ॲम्पवर भार जास्त) ॲम्प ते झेपवत नसेल, किंवा ॲम्प गुणगुणत, तापत, मधेच एक बाजू बंद करत असेल. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना होणारी खरखर यात धरू नका. ती खाऱ्या, दमट हवेची. काँटॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी बहुतेक वेळा जाते.

किनाऱ्यावर स्पीकर निवडताना आवाजाइतकंच अंगाकडे बघायचं. रिंग रबराची हवी, फोमची नको. पेटी एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) असेल तर कडा आणि मागची बाजू पूर्ण सीलबंद आहे ना ते हात फिरवून पाहा, आणि जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवा. पावसाळ्यात घाम फुटलेल्या लादीवर एमडीएफ खालून फुगतो. प्लास्टिकने झाकू नका, आत ओल कोंडते. सुती कापड घाला.

आता गाणं जिथून येतं ते. ब्लूटूथऐवजी साधा, दोन-तीन हजारांचा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्पला चालणारा सिग्नल करणारी डबी) वायरने जोडला की फरक पडतो, पण स्पीकरइतका नाही. याला तिसरा नंबर. अपवाद तबकडीचा. रेकॉर्ड ऐकत असाल आणि सुई बदलून हजार तास उलटले असतील, तर सगळं सोडून आधी सुई बदला. स्पीकर खराब असला तर आवाज खराब येतो; झिजलेली सुई रेकॉर्डच कायमची खरवडते, आणि ती रेकॉर्ड पुन्हा मिळत नाही.

महागड्या वायरींवर पैसे घालवू नका. टोक मात्र सोलून बघा. भाच्याकडे तांबं हिरवं पडलं होतं. दोन इंच कापून टाकलं, आत लालसर चमकतं तांबं लागेपर्यंत सोललं आणि पुन्हा घट्ट आवळलं. साधी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घरात पुरून उरते.

त्यातून जे पैसे वाचतात ते सर्ज प्रोटेक्टरला द्या. वीज जाऊन येते तेव्हाच्या झटक्याने ॲम्प मरतो. आणि गडगडायला लागलं की प्लग काढाच. जवळ पडलेल्या विजेपुढे तो प्रोटेक्टरही टिकत नाही.

खोलीचं राहिलं. चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, खाली लाद्या, वर स्लॅब: टाळी वाजवली की घुमते. अशा खोलीत कितीही चांगला स्पीकर कर्कश वाटतो. कौलारू माजघर त्या मानाने सुखाचं; उतरतं छप्पर आवाज सरळ खाली परतवत नाही. स्लॅबच्या खोलीत स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणा, समोर जाड सतरंजी किंवा गोधडी अंथरा, मागे पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तमच. हे करून आठवडाभर ऐका, मग दुकानात जा.

जाताना आपल्या गावच्या भजनाचं चांगलं रेकॉर्डिंग बरोबर न्या. मी भाच्याला तेच न्यायला लावलं. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक लावलेली असते. तिची थाप भरीव आणि मोजकी यायला हवी, लांबत जाणारा गुंगाट नको. बुवांनी गजर चढवला, झांजा एकदम सुरू झाल्या, की त्या गदारोळात पेटीचे सूर वेगळे ऐकू येतात का ते बघा. तिथे त्याने तीन जोड्या नापसंत केल्या. चौथी जोडी वाजली तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता मांडीवर ठेका धरून बसला. ती 24 हजारांना घेतली. ॲम्प जुनाच आहे.